‘आपण’: एका सर्वनामाचे कुळ आणि कार्य

जयपूरच्या दक्षिणेस, टोंक रस्त्याला लागून, छापील कापडासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध असलेल्या सांगानेरच्या परिसरात, राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेली प्रताप नगर ही वसाहत आहे. तिचे विभाग सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखले जातात आणि तिच्या प्रमुख रस्त्यांना हल्दीघाटी मार्ग, कुंभा मार्ग अशी मेवाडच्या इतिहासातून घेतलेली नावे आहेत. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाचा दिवसभराचा व्यवहार हिंदीत चालतो, मुलांचे शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत होते, आणि मराठी उरते ती स्वयंपाकघरापुरती, पत्रापुरती आणि सणावारापुरती. अशा परिस्थितीत भाषेतील कोणता अंश प्रथम झिजतो, याचा विचार करू लागलो, तेव्हा शब्दसंग्रहापेक्षा सर्वनामांकडे लक्ष अधिक गेले. कारण ‘कोथिंबीर’ऐवजी मूल ‘धनिया’ म्हणाले तर ते आपल्या ध्यानात येते, परंतु ‘आपण’च्या जागी ते ‘आम्ही’ म्हणू लागले, तर एक सबंध व्याकरणविशेष घरातून निघून जात असूनही तो जाताना सहसा कोणाला दिसत नाही.

‘आई, आम्ही बाजारात कधी जायचं?’ असे मूल विचारते. त्याच्या मनात आई बरोबर आहेच. किंबहुना आईशिवाय बाजाराची कल्पनाच त्याने केलेली नाही. परंतु मराठीच्या नियमाप्रमाणे त्याने आईला वगळले आहे. हिंदीच्या ‘हम’ला दोन अर्थ आहेत, ऐकणाऱ्यासह आणि ऐकणाऱ्यावाचून, आणि ते दोन्ही एकाच रूपात सामावतात, मराठीने मात्र त्यांसाठी दोन स्वतंत्र शब्द ठेवले आहेत. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी माणसे, ज्यांत तू नाहीस. ‘आपण’ म्हणजे मी, तू आणि बरोबरचे सारे. व्याकरणकार या भेदाला समावेशक आणि व्यावर्तक असे म्हणतात. मराठी बोलणारा मनुष्य अनेकवचनी प्रथमपुरुष उच्चारताक्षणीच समोरच्याला गणतीत धरले की वगळले याचा निर्णय करून मोकळा होतो, आणि हा निर्णय टाळण्याची सवलत त्याला भाषा देत नाही. ‘आमच्याकडे असे करत नाहीत’ आणि ‘आपल्याकडे असे करत नाहीत’ या दोन वाक्यांत नव्या सुनेला किती अंतर जाणवते, हे निराळे सांगावयास नको.

शब्दाचे कुळ पाहू गेल्यास ते फार उंच ठिकाणी पोहोचते. ‘आपण’ हा संस्कृत ‘आत्मन्’चा वंशज आहे. त्या शब्दाचा मूळ अर्थ श्वास असा दिसतो. जर्मन भाषेत श्वासाला आजही ‘आटेम’ म्हणतात, तो याचाच दूरचा भाऊबंद. श्वासावरून जीव, जीवावरून स्वतः, असा अर्थाचा प्रवास झाला, आणि संस्कृतातच ‘आत्मन्’ हे नाम ‘स्वतः’ या सर्वनामाचे काम करू लागले. गंमत अशी, की असे वापरताना ते बहुधा एकवचनी आणि पुल्लिंगीच राहते; पाहणारे अनेक असोत वा पाहणारी स्त्री असो, ‘आत्मानम्’ हेच रूप चालते. नामाचे सर्वनाम होत असताना त्याची लिंगवचनांची हालचाल गोठते, ती येथे गोठलेली दिसते.

पुढे प्राकृतांत ‘त्म’ या जोडाक्षराचे दोन मार्ग फुटले. एका मार्गाने ‘अत्ता’ हे रूप झाले, जे पाली ग्रंथांत सर्वत्र आढळते. दुसऱ्या मार्गाने ‘अप्पा’ झाले. या दुसऱ्या मार्गाचा अगदी प्रारंभीचा टप्पा एका शिळेवर कोरलेला आपल्याला मिळतो, हे भाग्यच म्हटले पाहिजे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात आपला पंथ आणि परका पंथ यांचा विचार आहे. त्याच्या जुनागढजवळील गिरनारच्या पाठात ‘आपला’ या अर्थी ‘आत्प’ असे रूप येते, तर इतर ठिकाणच्या पाठांत ‘अत’ या धर्तीची रूपे आहेत. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सौराष्ट्रातील माणसाच्या तोंडी ‘त्म’मधील ‘म’ ओठांवरच राहून ‘प’ होऊ लागला होता, याचा याहून बळकट दस्तऐवज कोणता असणार? ‘आत्प’चे पुढे ‘अप्प’ होणे ही केवळ वेळेची बाब होती. बाराव्या शतकात, गुजरातेतील अणहिलवाड पाटण येथे सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाने हेमचंद्राने व्याकरण रचले. त्याच्या प्राकृतास वाहिलेल्या आठव्या अध्यायात ‘भस्म’ आणि ‘आत्मन्’ या दोन शब्दांत विकल्पाने ‘प’ येतो असे त्याने नमूद करून ठेवले आहे. ‘अप्पा’बरोबर ‘अप्पाण’, ‘अप्पण’ अशी वाढीव रूपेही तोवर रुळली होती.

येथून मराठीपर्यंतची वाट सरळ आहे. ‘हस्त’चा ‘हत्थ’ आणि त्याचा ‘हात’, ‘सप्त’चा ‘सत्त’ आणि त्याचा ‘सात’, ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि त्याचे ‘काम’ झाले, त्याच रीतीने जोडाक्षराचा भार एका व्यंजनावर आला, मागचा स्वर दीर्घ झाला, आणि ‘अप्पण’चे ‘आपण’ झाले. ‘आम्ही’ मात्र अगदी निराळ्या घरचा. संस्कृत ‘अस्म-’, प्राकृत ‘अम्ह’, मराठी ‘आम्ही’, गुजराती ‘अमे’. आणि त्यातील ‘ह’ पुढे सरकून हिंदीत ‘हम’. म्हणजे मराठीच्या दोन ‘आम्हां-आपणां’पैकी एक जन्मतः सर्वनाम आहे, तर दुसरा नामातून आलेला. तेराव्या शतकाच्या अखेरच्या मराठीत, लीळाचरित्रात आणि 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत, ‘आपण’चा मुख्य अर्थ अद्याप ‘स्वतः’ हाच आहे. आणि ज्ञानेश्वरीतील ‘आपणपें’ हा शब्द तर आत्मस्वरूपाच्या अर्थाने येतो. संस्कृतातील तत्त्वज्ञानाचा ‘आत्मा’ आणि देशी बोलीतील घरगुती ‘आपण’, हे एकाच मुळापासून दुरावलेले दोन शब्द, तेथे पुन्हा एकाच अर्थावर येऊन मिळतात. मराठीच्या इतिहासातील या घटनेबद्दल मला नेहमीच विशेष आदर वाटत आला आहे.

मग ‘स्वतः’ या अर्थाचा शब्द ‘मी आणि तू’ या अर्थापर्यंत कसा पोहोचला? आत्मवाचक सर्वनामाला स्वतःचा पुरुष नसतो. वाक्यात जो कर्ता असेल त्याचा पुरुष ते धारण करते. ‘मी आपण होऊन सांगितले’, ‘तू आपण होऊन ये’, ‘तो आपण होऊन गेला’, या तिन्ही वाक्यांत ‘आपण’ तेच आहे. जो शब्द मीलाही चालतो, तूलाही चालतो आणि त्यालाही चालतो, तोच शब्द मी आणि तू एकत्र आल्यावर त्या समूहाला लावणे, ही पुढची स्वाभाविक पायरी होती. ‘आम्ही’ला ही सोय नव्हती, कारण त्याच्यात ‘मी’ची मुद्रा आधीच उमटलेली होती.

परंतु सोय असली म्हणजे भाषा तिचा लाभ घेतेच असे नाही. संस्कृतच्या ‘वयम्’मध्ये हा भेद नाही, प्रमाण हिंदीत नाही, बंगालीतही नाही, बंगालीने त्याच ‘अप्पण’पासून ‘आपनि’ केले ते केवळ आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणून. उलट द्राविडी भाषांत हा भेद प्राचीन आहे. तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असे जोड आहेत. मेळघाटातील कोरकू ही तर तिसऱ्याच, मुंडा कुळातली. त्या कुळाच्या संथाळीत ‘अबो’ म्हणजे आपण आणि ‘अले’ म्हणजे आम्ही, शिवाय दोघांसाठी द्विवचनाची जोडी पुन्हा निराळी. नांदेडच्या सीमेवर तेलुगू, मेळघाटात कोरकू, अशा शेजारात मराठी वाढली, आणि 1956 मध्ये भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी भारताला एक भाषिक क्षेत्र म्हटले तेव्हापासून अशा साम्यांची मीमांसा शेजाराच्या आधारे करण्याची रीत दृढ झाली आहे. मराठीतील हा भेद द्राविडी संसर्गाने आला, असे मानणाऱ्या विद्वानांचे मत मला ग्राह्य वाटते. मात्र त्यात एक गोष्ट विसरता कामा नये, की मराठीने शेजाऱ्याचा शब्द उचलला नाही. घराचा आराखडा शेजाऱ्याचा पाहिला असेल, पण लाकूड घरचेच वापरले.

बेळगाव-धारवाडकडे गेल्यास या संसर्गाचा दुसरा पुरावा मिळतो. कन्नडमध्ये ‘तानु’ म्हणजे स्वतः, आणि त्याचे अनेकवचन ‘तावु’ हे अत्यंत आदराने बोलताना ‘आपण’ या अर्थी समोरच्याला उद्देशून योजतात. तेलुगूतील ‘तमरु’ही त्याच जातीचा. स्वतः या अर्थाच्या शब्दाने परक्याचा आदर करावयाचा, ही युक्ती दक्षिणेत आणि उत्तरेत सारखीच आढळते. थेट ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणून बोट दाखविण्यापेक्षा आडवळणाने उल्लेख करणे अधिक सभ्य, हा त्यामागील भाव असावा. हिंदीतील ‘आप’च्या क्रियापदात हे आडवळण आजही स्पष्ट दिसते, कारण ‘आप हैं’ हे तृतीयपुरुषाचे रूप आहे, द्वितीयपुरुषाचे नव्हे. मराठीने मात्र आदरार्थी ‘आपण’ला द्वितीयपुरुषाच्या अनेकवचनात आणून बसविले: ‘आपण आलात’, ‘आपण याल’, ‘आपण बसा’.

म्हणूनच मराठी ‘आपण’चा अर्थ कळावयाचा तर त्या शब्दाकडे न पाहता वाक्याच्या शेवटाकडे पाहावे लागते. ‘आपण कुठे जातो?’ आणि ‘आपण कुठे जाता?’ यांत अंत्य स्वराचा तेवढा फरक. पहिल्यात बोलणारा स्वतः सामील आहे, दुसऱ्यात तो बाजूला उभा राहून अदबीने विचारतो आहे. ‘आपण आलो’ आणि ‘आपण आलात’ यांतही तसेच. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मात्र क्रियापद कर्माला वश होते आणि हा आधार सुटतो: ‘आपण काय केले?’ हा प्रश्न मित्राने मित्राला विचारला तर त्यात दोघांचा हिशेब आहे, आणि कारकुनाने साहेबाला विचारला तर साहेबाचा. ‘केलेत’ असे म्हणून शेवटी ‘त’ जोडला, की संदिग्धता दूर होते. सरकारी पत्रव्यवहारात ‘आपणास कळविण्यात येते की’ आणि ‘आपला विश्वासू’ यांच्या दरम्यान जो मजकूर असतो, त्यात हा ‘त’ गाळण्याची प्रवृत्ती फार. लेखनिकांनी तो अवश्य लिहावा.

शालेय व्याकरणात सर्वनामांचे सहा प्रकार शिकवितात आणि त्यांत ‘आपण’ दोनदा येते, एकदा पुरुषवाचक म्हणून आणि एकदा आत्मवाचक म्हणून. पुरुषवाचक ‘आपण’ अनेकवचनीच असते; आत्मवाचक दोन्ही वचनांत चालते, पण ते वाक्याच्या आरंभी येत नाही. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण प्रसिद्ध झाले, 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांचे. त्या परंपरेने हा भेद नीट लावून दिला. परंतु या दोन कोठ्यांत न मावणारा एक तिसरा उपयोग आहे, आणि माझ्या मते ‘आपण’चे खरे वैशिष्ट्य तेथेच आहे.

वृत्तपत्रातील हे नेहमीचे वाक्य घ्यावे: ‘आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्री म्हणाले.’ येथे ‘आपण’ म्हणजे आम्ही सर्व नव्हे, वाचक नव्हे, आदरार्थी तुम्हीही नव्हे. येथे तो केवळ एक मनुष्य आहे, ज्याचे बोलणे दुसरा कोणी सांगतो आहे. ‘तो राजीनामा देणार नाही, असे मंत्री म्हणाले’ असे लिहिले तर तो कोणी तिसराच इसम होईल. ‘मी’ लिहिले तर अवतरणचिन्हांची गरज पडेल. दुसऱ्याच्या मनातील किंवा मुखातील गोष्ट, त्याच्याच दृष्टीने, परंतु आपल्या शब्दांत सांगावयाची, यासाठी मराठीने ‘आपण’ हे स्वतंत्र साधन राखले आहे. ‘सीतेला वाटले, की रामाने आपल्याला बोलावले’ यात बोलावलेली ती सीताच. ‘रामाने स्वतःला आरशात पाहिले’ यात स्वतः म्हणजे त्याच उपवाक्यातील राम. ‘स्वतः’ आपला धनी जवळ शोधते, ‘आपण’ तो दूर, वरच्या वाक्यात शोधते. काशी वाली यांच्यासारख्या मराठी भाषाशास्त्रज्ञांनी या दोन शब्दांचे हे वाटप तपासून दाखविले आणि त्यामुळे जगभरच्या वाक्यविचारात मराठीची उदाहरणे चर्चिली गेली. प्रताप नगरात वाढलेला एक चुणचुणीत मुलगा असे मराठी वाक्य वाचून, मंत्रीमहाशयांनी वाचकांनाही राजीनामा न देण्याच्या निश्चयात सामील करून घेतले आहे, असे समजला होता. त्याचा समज तर्कशुद्ध होता, फक्त त्याला ‘आपण’चा हा तिसरा अधिकार कोणी सांगितला नव्हता.

आत्मवाचक शब्द असे घरंगळत पुढे जातात, हे अन्य भाषांतही दिसते. आयर्लंडमध्ये 1905 साली आर्थर ग्रिफिथ यांनी स्थापिलेल्या ‘शिन फेन’ पक्षाचे नाव आपल्याकडील जुन्या वृत्तपत्रवाचकांना परिचित होते. त्यातील ‘शिन’ म्हणजे आम्ही आणि ‘फेन’ म्हणजे स्वतः. आयरिश बोलणाऱ्याच्या तोंडी हा ‘फेन’ उठताबसता येतो: ‘मे फेन’ म्हणजे मी स्वतः, आणि ‘माझे घर’ या अर्थाच्या शब्दांपुढे ‘फेन’ ठेवला की माझे स्वतःचे घर. पण ‘मर शिन फेन’ (या ‘शिन’चा अर्थ ‘ते’ असा निराळा आहे) म्हटले की त्याचा अर्थ ‘तरीसुद्धा’ असा होतो. स्वतःपणाचा अर्थ विरून केवळ बोलण्याचा जोर तेवढा शिल्लक राहतो. जपानी ‘जिबुन’ म्हणजे स्वतः. कोणी तो ‘मी’ म्हणून वापरतो, आणि ओसाकाच्या बाजूला तो चक्क ‘तू’ म्हणून चालतो. मुंबईच्या बोलीतील ‘आपल्याला नाही जमणार’ हे एकट्यापुरते वाक्य याच जातीचे.

मराठीतही ‘फेन’सारखी गत ‘आपला’ या षष्ठीच्या रूपाची झाली आहे. ‘मी आपला कोपऱ्यात बसलो’, ‘ती आपली गप्प राहिली’, यांत मालकी कशाचीच नाही. कर्त्याने कोणाच्या अध्यातमध्यात न पडता वागल्याची एक सौम्य छटा तेवढी आहे, आणि तरीही लिंग कर्त्याप्रमाणे बदलते. ‘काही नाही, आपलं सहज आलो’ म्हणताना मात्र तेही बदलणे थांबते. दोन सहस्र वर्षांपूर्वी संस्कृतात ‘आत्मानम्’चे जे झाले, तेच मराठी बोलीत ‘आपलं’चे आपल्या कानांदेखत होत आहे. शिवाय ‘आपोआप’, ‘आपसूक’, ‘आपुलकी’, ‘आपपर’, ‘आपापला’ ही प्रजा आहेच. आणि फारसी-अरबी अंमलात ‘खुशी’, ‘मतलब’ हे शब्द आले तेव्हा ‘आपखुशी’, ‘आपमतलबी’ असे जोड लगेच जमले.

आता पुन्हा प्रताप नगरकडे. या वसाहतीची दफ्तरी भाषा हिंदी असली, तरी भोवतालच्या गावांची बोली ढूंढाडी आहे, जिला ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या 1908 च्या राजस्थानी-गुजराती खंडात जयपुरी म्हटले. त्याआधी 1898 मध्ये पाद्री मॅकॅलिस्टर यांनी जयपूर संस्थानातील बोलींचे नमुने छापले होते. या बोलीत ‘म्हे’ म्हणजे आम्ही आणि ‘आपां’ म्हणजे आपण. दारात उभी असलेली शेजारीण ‘म्हे चालां छां’ म्हणाली, तर ती मंडळी निघाली आहेत आणि तुम्ही घरीच राहणार. ती ‘आपां चालां’ म्हणाली, तर चपला पायांत घालाव्या. हिंदीत या दोन्ही वाक्यांचे ‘हम चलते हैं’ होऊन जाते. ‘म्हे’ हा ‘आम्ही’चा आणि ‘आपां’ हा ‘आपण’चा सख्खा भाऊ, गुजरातेत ‘अमे’ आणि ‘आपणे’, पंजाबी बोलीतही ‘आपां’, असा हा पट्टा पंजाबपासून कोकणाच्या सीमेपर्यंत अखंड पसरलेला आहे. माळव्यात, इंदूर-भोपाळकडे, बोलण्यातल्या हिंदीनेही ‘अपन’ स्वीकारला, तो याच शेजाराच्या बळावर.

सवाई जयसिंहाने 1727 मध्ये जयपूर वसविले, त्या काळापासून मराठी माणूस येथे आहे. ‘सम्राट्-सिद्धांत’ रचणारे जगन्नाथ सम्राट, तसेच ज्यांच्या घराण्याची हवेली ब्रह्मपुरीत आजही उभी आहे ते रत्नाकर पौंडरीक, यांची घराणी महाराष्ट्रीय. ते दरबारात संस्कृत आणि फारसीच्या आधारे वावरले असतील. परंतु ब्रह्मपुरीच्या गल्लीत त्यांच्या घरातील स्त्रियांना शेजारणीचे ‘आपां’ परके वाटण्याचे काही कारण नव्हते. आजही माझ्या पाहण्यात असे आहे, की हिंदी बेताचीच येणारी मराठी आजी ढूंढाडी बोलणाऱ्या आजीबाईंशी पापड वाळवताना मजेत बोलते, आणि दोघींची सुशिक्षित नातवंडे हिंदीत ‘हम’ म्हणत राहतात.

या नातवंडांना व्याकरणाच्या व्याख्या सांगून फारसा लाभ होत नाही. त्यापेक्षा ‘या’ची कसोटी उपयोगी पडते: ‘जाऊ या’, ‘बसू या’, ‘जेवू या’ या रूपांपुढे ‘आपण’ बसते, ‘आम्ही’ कधीही बसत नाही, कारण ज्याला वगळले त्यालाच बोलावणे शक्य नाही. सेक्टरातील एका मुलीला ही कसोटी सांगितली, तेव्हा तिने क्षणभर मनाशी पुटपुटून पाहिले आणि म्हणाली, ‘काका, ‘म्हे चालां’ म्हणून कोणाला बोलावता येत नाही, ‘आपां चालां’च म्हणावं लागतं, तसंच ना?’

तसेच.